शेतकऱ्याच्या नावाने इथेनॉल, आणि भुर्दंड शेतकऱ्याच्याच गाडीला



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, पांढऱ्या कांद्याच्या लावणीला अजून थोडा अवकाश आहे. तेव्हा आज पिकाची नोंद बाजूला ठेवतो आणि टाकीतल्या पेट्रोलची नोंद लिहितो. लांबली आहे, पण शेवटपर्यंत वाचा, कारण खर्च तुमच्याच खिशातला आहे.

गेले काही महिने ई-२० पेट्रोलबद्दल कोणी तोंड उघडलं की एकच उत्तर तयार असतं: तुम्ही शेतकऱ्याच्या विरोधात आहात. सुप्रीम कोर्टात १ सप्टेंबर २०२५ ला इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका फेटाळली गेली, तेव्हाही सरकारच्या बाजूने ऊस उत्पादकाचं नाव पुढे केलं गेलं. त्याच महिन्यात नितीन गडकरी साहेबांनी सांगितलं की हा सगळा विरोध म्हणजे पैसे देऊन चालवलेली मोहीम आहे.

मला कोणी छदामही दिलेला नाही. मी रायगडच्या किनाऱ्यावरचा भातवाला. थोडी वाडी आहे, नारळ-सुपारी आहे. मीही शेतकरीच, आणि माझं म्हणणं सरळ आहे. इथेनॉल वाईट नाही. पण ज्या गाड्या त्यासाठी बनल्याच नाहीत त्यांच्या गळ्यात ते मारायचं, दुसरा पर्याय ठेवायचा नाही, भाव एक रुपयाने कमी करायचा नाही आणि वर शेतकऱ्याचं नाव घ्यायचं, हे मला मान्य नाही.

आधी थोडा इतिहास, म्हणजे कोण किती धावलं ते कळेल. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा कार्यक्रम आपल्याकडे २००३ मध्ये सुरू झाला, ५ टक्क्यांपासून. २०१३-१४ पर्यंत प्रत्यक्षात दीड टक्काच मिसळलं जात होतं. जून २०२२ मध्ये १० टक्के झालं. २०१८ च्या जैवइंधन धोरणात २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३० चं होतं, ते ओढून २०२५-२६ वर आणलं. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत ई-२० ची सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये २० टक्के गाठलेसुद्धा. दहा टक्क्यांवरून वीस टक्के तीन वर्षांत. कारखानदारीच्या दृष्टीने मोठं काम आहे, नाही म्हणत नाही.

पण गाड्या तीन वर्षांत बदलतात का? ई-२० ला टिकतील असे सुटे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून बनू लागल्या. इंजिनच ई-२० साठी जुळवलेल्या गाड्या एप्रिल २०२५ पासून. आता अष्टागरात, खारेपाटात, मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही आठवडी बाजाराला जा आणि उभ्या गाड्या मोजा. जुनी आठशे, ऑल्टो, वॅगन-आर, ओम्नी, ईको. बऱ्याचशा मुंबईत कोणीतरी पाच-सात वर्षं वापरून विकलेल्या. नारळाची पोती, खताच्या गोणी, मासळीची टोपली, दवाखान्यात न्यायची म्हातारी, सगळं त्याच गाडीत. ही माणसं नवीन गाडी घेण्याची वाट बघत बसलेली नाहीत, त्यांना परवडत नाही. सगळ्यात जुनी गाडी सगळ्यात गरीब माणसाकडे असते, आणि ई-२० चा फटकाही सगळ्यात जास्त जुन्याच गाडीला.

फटका किती? व्हॉट्सॲपवर फिरणारे आकडे सोडा, सरकारचेच घ्या. नीती आयोगाचा जून २०२१ चा अहवाल सांगतो की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल, तशाच दुचाकीचं ३ ते ४ टक्क्यांनी. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ आणि बाकीच्यांसाठी ३ ते ६ टक्के म्हटलं. म्हणजे घट आहे हे दोघांनाही मान्य. माझ्या छोट्या गाडीच्या वहीत पूर्वी १७-१८ चे आकडे असायचे, आता साडेसोळाच्या आसपास दिसतात. एका गाडीवरून मी सिद्धांत मांडत नाही, पण आकडा सरकारी अंदाजाच्या बाहेरचा नाही.

यात गूढ काहीच नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. पाचातला एक भाग इथेनॉल झाला की लिटरमागे ऊर्जा साडेसहा-सात टक्के कमी. नव्या इंजिनला इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनचा फायदा उचलून थोडी भरपाई करता येते. जुन्या इंजिनला ते येत नाही.

रुपयात मांडू. वर्षाला १०,००० किलोमीटर, ॲव्हरेज १८, पेट्रोल हिशोबासाठी १०४ रुपये. आधी ५५६ लिटर लागायचं. सहा टक्के घट धरली तर ५९१ लिटर. ३५ लिटर जास्त, म्हणजे वर्षाला ३,६०० रुपयांच्या वर. शहरातल्या नोकरदाराला हे एका रविवारच्या हॉटेलचं बिल वाटेल. आमच्याकडे यात युरियाच्या डझनभर गोणी येतात.

आता खरी मेख. त्याच नीती आयोगाच्या अहवालात लिहिलंय की अशा इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावी, म्हणजे कमी ऊर्जेची भरपाई होईल. आणि जुन्या गाड्यांसाठी १० टक्क्यांचं पेट्रोल संरक्षण म्हणून चालू ठेवावं. अहवालातला वीस टक्क्यांचा भाग उचलला. भावाचा आणि पर्यायाचा भाग तिथेच राहिला. औषधाच्या चिठ्ठीवरची कडू गोळी द्यायची आणि पथ्याची ओळ फाडून टाकायची, असा हा प्रकार.

ऊर्जेच्या हिशोबाने बघितलं तर शुद्ध पेट्रोल १०४ ला असेल तेव्हा ई-२० ची रास्त किंमत ९७ च्या आसपास येते. पंपावर असा फरक कुठे दिसतो का? सरकार म्हणतं, इथेनॉलच आता महाग पडतं. जुलै २०२५ अखेर खरेदीची सरासरी किंमत वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती, कर लागण्याआधीच्या पेट्रोलपेक्षा जास्त. मान्य. पण पंपावरच्या किमतीत मोठा वाटा केंद्राच्या आणि राज्याच्या करांचा आहे. देशाचं परकीय चलन वाचलं, आजवर १ लाख ४० हजार कोटींच्या वर वाचलं, असं सरकारच अभिमानाने सांगतं. मग त्या बचतीतला लिटरमागे चार-पाच रुपयांचा वाटा, ज्याच्या गाडीच्या जिवावर ती झाली त्याला करसवलतीतून का देत नाही?

आता आपल्या हवामानाकडे या. दिल्लीत बसून हे कळत नाही. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने हवेत ओल, बारा महिने खारा वारा. इथेनॉल पाणी ओढून घेतं. २० टक्क्यांचं मिश्रण १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पोटात ठेवू शकतं, हे खरं आहे, आणि नुसत्या दमट हवेने रोज चालणारी गाडी बंद पडत नाही, हेही खरं. पण जमिनीखालच्या टाकीत किंवा गाडीच्या झाकणातून प्रत्यक्ष पाणी शिरलं आणि मर्यादा ओलांडली, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात, वर पेट्रोल तरंगतं. इंजिन तळातलं ओढतं. गाडी धक्के खात थांबते. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळही इथेनॉल सोडवून आणतं आणि फिल्टर चोंदतो. रबरी नळ्या, गॅस्केट यांच्याबद्दल मंत्रालयानेच सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर ते बदलावे लागू शकतात, आणि खर्च किरकोळ आहे. किरकोळ कोणाला, हा प्रश्न उरतोच.

गाडीपेक्षा जास्त चिंता मला छोट्या यंत्रांची आहे, ज्यांचा कुठल्याही पत्रकात उल्लेख नसतो. ग्रासकटर, फवारणीचा पेट्रोल पंप, छोटा वीडर. गाडी निदान रोज चालते. ग्रासकटर आंब्याखालचं गवत कापून झालं की सहा-सहा महिने खोपीत पडतो. टाकीत उरलेलं पेट्रोल, वर ओल. परत काढावा तर कार्बोरेटरमध्ये पांढरट थर आणि नळी चिकट. टू-स्ट्रोकला धोका अजून मोठा. तळाला बसलेल्या पाणी-इथेनॉलच्या थरात ऑइल उतरत नाही, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंजिन बिनाऑइलचं फिरतं आणि पिस्टन धरतो. मग म्हणायचं शेतकऱ्याने यंत्र नीट वापरलं नाही.

बरं, हे सगळं शेतकऱ्यासाठी सोसायचं असेल तर कुठल्या शेतकऱ्यासाठी, तेही बघू.

मंचावर भाषण असतं उसाचं. घाटावरच्या ऊसवाल्या भावाचा फायदा झाला, हे मी मान्य करतो. साखर पडून राहायची तेव्हा इथेनॉलच्या पैशाने कारखान्यांनी एफआरपी चुकती केली. पण त्याचीही शाश्वती किती? ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद असा आदेश आला, मग काही दिवसांनी मर्यादा घालून थोडी सूट. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने बघत राहिले. आणि २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी जे सुमारे १,०४८ कोटी लिटर वाटून दिलं, त्यात उसाचा वाटा पुरता २८ टक्केही नाही. ७२ टक्के धान्याचं. एकटा मका ४५ टक्क्यांच्या वर, आणि सरकारी गोदामातला तांदूळ २२ टक्के. म्हणजे भाषणात ऊस आणि टाकीत धान्य.

तांदळाचा हिशोब आपला आहे, भातवाल्यांचा, म्हणून नीट वाचा. २०२४-२५ ला साध्या भाताचा हमीभाव २,३०० रुपये क्विंटल होता. १०० किलो भातातून सरकारी हिशोबाने ६७ किलो तांदूळ निघतो. म्हणजे एक क्विंटल तांदळामागे नुसत्या भाताचे ३,४३० रुपये झाले. भरडाई, बारदान, वाहतूक, गोदाम वेगळं. तोच तांदूळ त्या वर्षी इथेनॉलसाठी २,२५० रुपये क्विंटलने दिला. त्या एका क्विंटलमधून साधारण ४५ लिटर इथेनॉल. म्हणजे लिटरमागे २६ रुपये तिजोरीतून गेले, तेही बाकीचा खर्च न धरता. तिजोरी म्हणजे आपणच. पंपावर पूर्ण भाव आपला, तिजोरीतून २६ रुपयेही आपलेच. गोदामात सडण्यापेक्षा बरं, असं कोणी म्हणेल. असेल बरं. पण मग त्याला शेतकरी कल्याण म्हणू नका, साठा निकाली काढणं म्हणा. आणि आपल्या खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून भात परत पाठवताना हा २,२५० चा आकडा आठवा.

मक्याचं तर अजून मजेशीर. इथेनॉलमुळे मका तेजीत आला, २०२४ मध्ये देशाला म्यानमार-युक्रेनहून मका आणावा लागला. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका असतो, तेव्हा आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांना त्याची झळ बसली. त्यावरून देशभर शेतकऱ्यांनी मका लावला. २०२५ ला पीक भरघोस आलं आणि भाव २,४०० च्या हमीभावाखाली कोसळला, नोव्हेंबरमध्ये कर्नाटकातले मका उत्पादक रस्त्यावर आले. डिस्टिलरीला मात्र मक्याच्या इथेनॉलचा लिटरला ७१ रुपये ८६ पैसे भाव लिहून दिलेला आहे. इथेनॉल बनवणाऱ्याला हमी आणि मका पिकवणाऱ्याला बाजार. शेतकऱ्याचं कल्याण या दोघांच्या मधेच कुठेतरी अडकतं.

इथे कोणीतरी ब्राझील काढणारच, म्हणून तेही सांगतो. ब्राझीलने १९७५ मध्ये हा कार्यक्रम सुरू केला. १९७९ ला फियाट १४७ ही छोटी गाडी पूर्ण इथेनॉलवर चालणारी म्हणून बाजारात आली. २००३ पासून फ्लेक्स-फ्यूल गाड्या, ज्यांना कुठलंही मिश्रण चालतं. तिथल्या पेट्रोलमध्ये आज ३० टक्के इथेनॉल आहे, शुद्ध पेट्रोल मिळत नाही, हे खरं. पण शेजारच्या नळीतून निव्वळ इथेनॉल वेगळ्या भावाने मिळतं. तिथला साधा माणूस पाटीकडे बघून गणित करतो: इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. आधी गाडी दिली, मग इंधन दिलं, भाव ऊर्जेनुसार ठेवला आणि निवड गिऱ्हाइकावर सोडली. यातलं आपण फक्त मिश्रणाचं टक्केवारीचं पान फाडून आणलं. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये नुसतं १० टक्क्यांवर जाताना जुन्या गाड्यांसाठी ५ टक्क्यांचं पेट्रोल ठेवलं. आपण २० वर गेलो आणि १० चं ठेवलं नाही.

निव्वळ इथेनॉलचं आपल्याकडे काय झालं? मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत १८३ पंपांवर 'इथेनॉल १००' सुरू झाल्याचं जाहीर झालं. मारुतीने डिसेंबर २०२२ मध्ये वॅगन-आरचं फ्लेक्स-फ्यूल रूप दिल्लीत दाखवलं, टोयोटाची इनोव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये गडकरींनी दाखवली. दाखवलं, दाखवलं, दाखवलं. आमच्या किनाऱ्यावर कोणाच्या दारात अशी गाडी मी अजून पाहिली नाही, आणि तसा पंपही नाही. छोट्या गाडीवाले वैतागून सीएनजीचं किट बसवतात आणि रांगेत उभे राहतात.

काही कृषी अधिकारी मित्र म्हणतात, तुमच्या पेंढ्यापासून इथेनॉल होऊ शकतं. होऊ शकतं. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये तसा कारखाना सुरू झाला, वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल असं त्याचं गणित. पण तिथली शेतं आणि आमची खाचरं यात फरक आहे. आमचा पेंढा गुंठ्या-गुंठ्यात विखुरलेला, रस्त्यापर्यंत डोक्यावरून आणायचा. त्यातला गुरांना जातो, आंब्याच्या पेटीत जातो. गोळा करायचा खर्च देणार कोण, ते आधी सांगा. चांगला भाव आला तर मीच पहिला पेंढा घालीन.

तेव्हा विरोधासाठी विरोध नाही. मागण्या चारच आहेत.

१. प्रत्येक तालुक्याला निदान एका पंपावर १० टक्क्यांचं पेट्रोल जुन्या गाड्यांसाठी आणि शेतीच्या छोट्या यंत्रांसाठी ठेवा.

२. ई-२० चा भाव त्यातल्या ऊर्जेनुसार कमी करा. कमी पडेल ते करातून सोडा.

३. प्रत्येक नळीवर मराठीत ठळक लिहा, किती टक्के इथेनॉल आणि कुठल्या गाडीला चालेल. विकणाऱ्याने माल सांगावा, एवढंच.

४. डिस्टिलरीला भाव लिहून देता, तसा तिला मका-तांदूळ हमीभावाच्या खाली घेता येणार नाही हेही लिहून घ्या. मग शेतकऱ्याचं नाव खुशाल घ्या.

आणि हे होईपर्यंत आपण काय करायचं?

ग्रासकटर, फवारणी पंप ठेवून देताना टाकी रिकामी करा, मग बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. कॅनमध्ये पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त साठवू नका, लागेल तेवढंच आणा. टू-स्ट्रोकचं मिश्रण त्याच आठवड्याचं करा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, मोकळ्या जागेतच ओल धरते. टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. जोरदार पावसात टँकर खाली होत असेल तर त्या पंपावर तेव्हा भरू नका. शंका आली तर फिल्टर पेपरची तपासणी आणि पाच लिटरचं माप मागा, तो तुमचा हक्क आहे. जुन्या गाडीच्या इंधनाच्या नळ्या पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून बघून घ्या. पेट्रोलचा वास आला तर थांबू नका, आग लागायला ठिणगी पुरते.

सगळ्यात महत्त्वाचं, वही ठेवा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भराल तेव्हा किती लिटर बसलं ते लिहा. मधल्या किलोमीटरला त्या लिटरने भागा. असे सहा वेळा करा आणि गाडीचं साल, मॉडेल यासह इथे खाली टाका. आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, पण शंभर गाड्यांच्या शंभर वह्या एकत्र आल्या तर आमदार-खासदारांसमोर ठेवायला कागद तयार होईल. आकडे सरकारच्या बाजूने आले तरी टाका. आकड्याला पक्ष नसतो.

ज्या ऊसवाल्या, मकावाल्या भावांना या लिखाणाचा राग येईल, त्यांनी मागणी क्रमांक चार पुन्हा वाचावी. ती तुमच्यासाठीच आहे.